चवीपुरता घोट आणि पाचवे शील

ताज्या हॉप्सची एल ही वर्षातून एकदाच, हॉप्सच्या सुगीत करता येणारी बिअर. हॉप्स म्हणजे थंड प्रदेशातल्या एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुले. भारतात ती लाहौल खोऱ्यात पिकतात. ताज्या फुलांत सुमारे ८० टक्के पाणी असते. एरवी ती वाळवून वर्षभर वापरतात. या बिअरसाठी मात्र तोडणीनंतर साधारण दिवसभरातच ती वापरावी लागतात. वाळवताना उडून जाणारी सुगंधी तेले त्यामुळे बरीचशी टिकतात, आणि घोट घेण्याआधीच नुकत्याच कापलेल्या गवताचा वास येतो.

२००९ मध्ये पुण्यात डूलाली ही छोटी ब्रुअरी सुरू झाली आणि स्थानिक बिअर चवीने पिणारा वर्ग हळूहळू वाढला. ‘आम्ही चवीसाठी पितो, नशेसाठी नाही’ हे त्याचे म्हणणे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ते धर्माच्या कसाला लावणे भाग आहे, कारण इथे कारखान्यांच्या शेजारीच वारकऱ्यांची देहू आणि आळंदी आहेत, आणि देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली.

वारकऱ्यापुरते उत्तर सरळ आहे. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू सुटली. दिलेल्या शब्दाला घोट आणि पेला सारखेच.

बौद्ध विचारात प्रश्न जास्त खोल जातो. पंचशीलातले पाचवे शील मद्य टाळायला सांगते, कारण मद्याने प्रमाद घडतो, म्हणजे सावधपणा सुटतो. मग एकेका घोटाकडे पूर्ण लक्ष देणारा रसिक तर सावधच नव्हे का? युक्तिवाद दुबळा नाही. पण विनयपिटकातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथातली, सागत भिक्खूची कथा त्याच्या आड येते. नागाला नमवणारा हा सिद्धिवान भिक्खू लोकांनी श्रद्धेने दिलेले मद्य प्याला, नगराच्या वेशीत कोसळला आणि झोपेत बुद्धांकडेच पाय करून पडला. त्यानंतर भिक्खूंसाठी जो नियम झाला, तो गवताच्या टोकावरच्या थेंबालाही लागू केला गेला. कुठे थांबायचे हे जी बुद्धी ठरवणार, तिच्यावरच मद्य आधी काम करते. म्हणून थेंबापर्यंतचा हा कडकपणा अतिरेकी वाटला तरी विचारपूर्वक आहे.

मात्र आंबवणे हाच दोष, असे त्यावरून ठरत नाही. पिंपरीत १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या टाक्यांत बुरशी वाढवूनच पेनिसिलिन तयार झाले आणि माणसे जगली. विनयातही औषधी तेलात मद्य घालण्याची मुभा आहे. अट एवढीच, की त्याचा रंग, वास आणि चव कळता कामा नये. रसिकाच्या दाव्याची खरी अडचण इथे दिसते: ज्या चवीच्या नावाने तो सवलत मागतो, तिथेच हा नियम सवलत थांबवतो.

दाव्याची एक कसोटी उरते. वाइनचे पारखी घोट तोंडात घोळवून थुंकतात. बिअरचे पारखी सहसा गिळतात, कारण हॉप्सचा कडवटपणा घशाशी रेंगाळतो. पण तीच ताजी फुले उकळत्या पाण्यात काही वेळ ठेवली तर वास आणि कडवटपणा येतो, मद्य येत नाही. ते पाणी ज्याला पुरते, त्याचे म्हणणे खरे मानावे, आणि उपासकाने ते पिण्यात शीलभंग नाही. ज्याला पुरत नाही, त्याला चवीपलीकडचे काही हवे आहे. पाचवे शील नेमके त्याच्याविषयी बोलते.