आधी भाकर, मग प्रश्न

एका शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मध्यंतरी आम्हांस एक प्रश्न घातला. जिवाला कंटाळलेल्या माणसांसाठी ज्या टेलिफोनच्या सेवा चालतात, त्यांत ऐकणाऱ्याने उपदेश करू नये, आपला धर्म सांगू नये, असा बहुधा नियम असतो. मग ख्रिस्ती मनुष्याने असल्या कामात पडावे काय? मरणाच्या दारात उभ्या असलेल्या जिवाला प्रभूचे नाव न सांगणे म्हणजे प्रभूला नाकारणेच नव्हे काय? प्रश्न प्रामाणिक आहे, हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आम्ही त्यावर बरेच दिवस विचार केला, आणि विचार करताना आमच्या डोळ्यांपुढे सुरत शहर होते.

जगातील दहांपैकी सुमारे नऊ हिऱ्यांना सुरतेत पैलू पडतात. २०२२ नंतर या धंद्याला उतरती कळा लागली. युक्रेनचे युद्ध, रशियन हिऱ्यांवरची बंदी, परदेशातील घटलेली मागणी, प्रयोगशाळेत तयार होणारे स्वस्त हिरे, अशी कारणे सांगतात. कारागिराची मजुरी बहुधा नगावर असते. हिरा हाती आला नाही तर मजुरी नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तेथील एका फार मोठ्या कंपनीने आपल्या पन्नास हजार कामगारांना दहा दिवस सुटी दिली. कामगार संघटनेच्या मोजणीप्रमाणे त्या सुमारास सोळा महिन्यांत साठांहून अधिक कारागिरांनी आत्महत्या केल्या होत्या. म्हणून डायमंड वर्कर्स युनियन, गुजरात या संघटनेने १५ जुलै २०२४ रोजी स्वतःची हेल्पलाईन सुरू केली. थोड्याच आठवड्यांत हजाराहून अधिक फोन आले. आणि फोन करणाऱ्यांनी मागितले काय? बहुतेकांनी काम मागितले. कोणी मुलाच्या शाळेची फी मागितली, कोणी घराच्या हप्त्यासाठी मदत.

हे कारागीर बहुतेक सौराष्ट्रातले. आमची खानदेशी माणसे उधना, लिंबायत, पांडेसरा या बाजूला, आणि पुष्कळशी कापडाच्या धंद्यात. पण महिनाअखेर सर्वांची सारखीच येते.

आत्महत्या टाळण्यासाठी उघडलेल्या टेलिफोनवर माणसे शाळेची फी मागतात, हे ऐकून कोणी म्हणेल की त्यांना त्या सेवेचा हेतूच कळला नाही. आम्हांस वाटते, त्यांना तो नेमका कळला. निराशा नेहमीच काही गहन रूप घेऊन येत नाही. ती पुष्कळदा फीच्या पावतीच्या रूपाने येते. मुलाला वर्गात उभे केले जाईल आणि आपल्याला त्याच्याकडे पाहता येणार नाही, एवढ्यावर बापाचे मन मोडते.

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता, तो प्रसंग आपण मुलांना शिकवतो. परंतु घाईने शिकवतो, कारण पुढच्या मंद वाणीपर्यंत आपल्याला पोचायचे असते. मध्ये काय घडले ते पाहा. दूताने त्याला दटावले नाही. विश्वास कोठे गेला, असे विचारले नाही. उठून खा, एवढेच सांगितले. निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाणी उशाशी होते. एलीया जेवला आणि पुन्हा निजला. दूत पुन्हा आला तोही भाकरीसाठीच. तू येथे काय करतोस, हा देवाचा प्रश्न त्यानंतर चाळीस दिवसांच्या वाटचालीने, होरेब डोंगरावर आला. देवाला प्रश्न विचारायचा होताच; पण उपाशी व थकलेल्या माणसाला त्याने तो विचारला नाही.

फिलिप्पै येथील बंदिशाळेच्या नायकाचेही तसेच. कैदी पळाले असे समजून त्याने स्वतःवर तरवार उपसली, तेव्हा पौल अंधारातून मोठ्याने ओरडला. ती वाणी कोणाची, हे नायकाला दिसतही नव्हते. स्वतःला अपाय करू नको, आम्ही सर्व येथेच आहोत, इतकाच तिचा आशय. तारणाविषयी पौल बोलला, परंतु नायकाने दिवा आणवून, आत धावत येऊन स्वतः विचारल्यावर. पौलासारखा प्रचारक त्या क्षणी प्रवचन करीत नाही, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते.

येथे एक धोका आहे. आधी भाकर आणि मग वचन, हा क्रम युक्ती म्हणून पाळला तर भाकर आमिष होते, आणि दुःखी माणसाला आमिषाचा वास लवकर येतो. चांगल्या शोमरोन्याने तेल, द्राक्षारस, स्वतःचे जनावर आणि खिशातील दोन नाणी दिली. त्या जखमी मनुष्याला त्याने पुढे काही सांगितले असे प्रभूने म्हटलेले नाही. आपण ते गृहीत धरतो, एवढेच.

लंडनमध्ये चाड वाराह नावाचे एक अँग्लिकन पाळक होते. १९३५ साली त्यांनी केलेला पहिलाच दफनविधी एका चौदा वर्षांच्या मुलीचा होता. मासिक पाळी म्हणजे काय हे तिला कोणी सांगितले नव्हते; आपल्याला लाजिरवाणा रोग झाला, या समजुतीने तिने जीव दिला होता. ज्या मंडळीच्या प्रार्थनापुस्तकातील १६६२ सालची सूचना आत्मघात करणाऱ्यावर दफनविधी वाचू नये असे सांगत होती, त्याच मंडळीच्या पाळकापुढे ही पेटी आली. पुढे नोव्हेंबर १९५३ मध्ये त्यांनी सेंट स्टीफन वॉलब्रुक या आपल्या मंदिरात अशा माणसांसाठी टेलिफोन ठेवला. त्या वेळी इंग्लंडात आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. तो कायदा १९६१ साली गेला. भेटायला येणाऱ्यांची गर्दी होऊ लागली, म्हणून मंडळीतील काही साधी माणसे त्यांना चहा देत, गप्पा करीत बसत. थोड्याच दिवसांत वाराहसाहेबांच्या ध्यानात आले की चहा पिऊन झाल्यावर पुष्कळांना आत येऊन पाळकांना भेटण्याची गरजच उरत नाही. १९५४ मध्ये त्यांनी ते काम त्या चहा देणाऱ्यांच्या हाती सोपवले. पाळकाने असे मागे सरणे सोपे नसते! या सेवेला सॅमरिटन्स, म्हणजे शोमरोनी, हे नाव मिळाले तेही एका वर्तमानपत्रामुळे.

मग लोक परक्या आवाजाला फोन का करतात? आपल्या मंडळीत ऐकणारे कान नाहीत काय? कान आहेत, पण तोंडेही आहेत. अमक्यासाठी प्रार्थना करा, त्याचे असे असे झाले आहे, अशा प्रार्थनेच्या विनंतीतून किती घरांची लाज आपण वेशीवर टांगली असेल! महिला मंडळापुरती ही गोष्ट नाही. वडीलमंडळीही त्यात मागे नाहीत. गुजरातेत तर दारू पिणाऱ्याची दुहेरी कोंडी. तेथे दारूबंदी असल्याने पिणे गुन्हा, आणि मंडळीत ते पाप. तेव्हा मदत मागायची म्हणजे दोन्ही ठिकाणी कबुलीजबाब द्यायचा. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी बिल विल्सन या माणसाला पुन्हा दारूकडे जाण्याची भीती वाटली, तेव्हा त्याने हॉटेलातील टेलिफोनजवळची चर्चांची यादी पाहून एका पाळकांना फोन केला व बोलण्यासाठी दुसरा कोणी दारुडा मागितला. त्या पाळकांनी त्याला काही नावे दिली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा आरंभ त्यातून झाला. आज असा फोन आपल्या पाळकसाहेबांना आला तर?

आमचे उत्तर असे की ख्रिस्ती मनुष्याने या कामात अवश्य पडावे आणि नियम मनापासून पाळावा. मात्र सुरतेचे फोन आणखी एक गोष्ट मागतात. फी ऐकून भरली जात नाही. मंडळीच्या गरीब फंडातून मदत देताना अर्जदाराचे नाव सभेत वाचण्याची रीत जेथे असेल तेथे ती बंद करावी. कोषाध्यक्ष व पाळक यांना ठाऊक असले म्हणजे पुरे.

भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, आत्महत्येचा प्रयत्न करणारा मनुष्य तीव्र ताणाखाली होता असे धरून चालावे, त्याला शिक्षा करू नये, असे ठरवले. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही सेवा चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. मराठीत व गुजरातीत बोलता येते, पैसे पडत नाहीत, आणि रात्रीही कोणी उचलते. व्यसनासाठी १४४४६ हा वेगळा क्रमांक आहे. हे दोन्ही आकडे मोठ्या अक्षरांत लिहून मंदिरात लावावेत. फक्त ते वेदीजवळच्या फलकावर लावू नयेत, तेथे उभे राहून वाचणारा सर्वांना दिसतो. जेथे आपण चपला काढतो आणि खाली वाकतो, तेथे लावावेत.