बावन्नातलं अठ्ठाविसावं

पुण्यात नोकरी करणारा एक तरुण होता. एका 31 डिसेंबरच्या रात्री मित्राच्या गच्चीवर त्याने जाहीर करून टाकलं, "येत्या वर्षात 52 पुस्तकं वाचणार. आठवड्याला एक." मित्रांनी टाळ्या वाजवल्या. एकाने लगेच पैज लावली, हरलास तर सगळ्यांना मिसळ. दुसऱ्या दिवशी त्याने फोनवर वाचनाची नोंद ठेवणारं एक ॲप घेतलं आणि जोडीला एक डायरीही आणली. डायरीत चार रकाने आखले : क्रमांक, पुस्तकाचं नाव, पानं, संपवल्याची तारीख. पाचवा रकाना आखायचं त्याला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी त्यात काय लिहायचं हे तेव्हा त्याला सांगता आलं नसतं.

खरं सांगायचं तर सुरुवातीला या आकड्याने त्याचं भलंच केलं. आधी रात्री जेवण झालं की तो फोनवर अंगठा फिरवत बसायचा आणि साडेबारा कधी वाजले ते कळायचं नाही. आता तोच वेळ पुस्तकाला मिळू लागला. फेब्रुवारीत त्याने लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घेतलं. एका रात्री दोन वाजता तो इतका मोठ्याने हसला की खोलीतला जोडीदार दचकून उठून बसला. "काय झालं रे?" म्हणून विचारलं तर याने त्याला पुढची चार पानं वाचूनच दाखवली. मग दोघंही हसत बसले.

घोटाळा झाला तो तिथेच. 'स्मृतिचित्रे' काही एका आठवड्यात संपणारं पुस्तक नाही. ते संपायला तीन आठवडे लागले, आणि संपवून त्याने मोठ्या आनंदाने नोंद केली तर ॲप म्हणालं, तुम्ही ठरवल्यापेक्षा 2 पुस्तकं मागे आहात. वर्षभरातलं सगळ्यात चांगलं वाचन झालं होतं आणि हिशेबात मात्र तोटा दिसत होता.

तेव्हापासून पुस्तकांच्या दुकानात तो कण्यावरचं नाव वाचेनासा झाला, कण्याची जाडी बघू लागला. 'मृत्युंजय' हातात घेऊन त्याने परत ठेवलं. त्या एका कर्णाच्या जागेत पाच-सहा पातळ पुस्तकं सहज बसली असती. निसर्गाची वर्णनं आली की तो संवादावर उडी मारायचा. प्रस्तावना तर केव्हाच सुटल्या होत्या. गणपतीला गावी जाताना एक, येताना एक. ॲपमधली हिरवी पट्टी पुढे सरकत राहिली, तरी वर्ष तिच्यापेक्षा जोरात पळत होतं. 26 डिसेंबरला डायरीत आकडा होता 47. उरले दिवस पाच, उरली पुस्तकं पाच.

त्याने रजा टाकली, स्वारगेटहून महाबळेश्वरची एसटी पकडली आणि पाचगणीच्या पुढे भिलारला उतरला. भिलार म्हणजे पुस्तकांचं गाव. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना आली आणि 4 मे 2017 ला भिलारमध्ये ती प्रत्यक्षात उतरली. फरक एवढाच की तिकडे पुस्तकं विकायला असतात, इथे ती लोकांच्या घरात ठेवलेली आहेत. कुठे कादंबऱ्या, कुठे कविता, कुठे इतिहास. चपला दारात काढायच्या, आत जायचं, हवं ते काढून बसायचं. कुणी पैसे मागत नाही. दिवसाला एक पुस्तक उरकायला याहून बरी जागा कुठे मिळणार, असा त्याचा हिशेब.

कादंबऱ्यांच्या घरात त्याने मुक्काम केला. घर एका मावशींचं. मागे उतारावर त्यांची स्ट्रॉबेरी. काळ्या प्लास्टिकने झाकलेले गादीवाफे, त्यातल्या भोकांतून वर आलेली झाडं, आणि पानांखाली लोंबणारी फळं. पहाटे मावशी आणि आणखी दोघी वाकून तोडणी करायच्या आणि ओसरीवर बसून फळं पारदर्शक डब्यांत भरायच्या. शेजारी एक शाळेची वही. पाच डब्या झाल्या की एक आडवी रेघ.

त्याने कपाटातून पातळ पुस्तक निवडलं, व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी'. ऊन अंगावर घेत ओसरीच्या कोपऱ्यात बसला. पहिल्याच पानांवर एक कोवळा मास्तर अंधारात एकटा चालत वाडीकडे निघालेला. हे कुठे तरी पाहिल्यासारखं वाटलं त्याला. मग आठवलं, अमोल पालेकरांचा यावरचा सिनेमा आहे, त्यातलं काही टीव्हीवर दिसलं असेल. तो वाचत गेला. इथे नेटवर्क धड नव्हतं, त्यामुळे ॲपही गप्प होतं. धनगरांची वाडी, मेंढरं, म्हातारा कारभारी, शाळेत मुलं यावीत म्हणून मास्तराची धडपड. मग तालीम उभी राहिली, आणि मग पाऊस गेला. दुपारी त्याने शेवटचं पान मिटलं आणि बराच वेळ समोरच्या उताराकडे बघत बसला. वर्षाच्या सुरुवातीला 'स्मृतिचित्रे' मिटताना बसला होता तसा.

मग सवयीने फोन काढला. अंगणाच्या टोकाला दोन काड्या आल्या. त्याने नाव टाकलं, तर ॲपने दाखवलं, हे पुस्तक तुम्ही वाचलेलं आहे. त्याने डायरी उघडली. क्रमांक 28. बनगरवाडी. तारीख गणपतीतली. अक्षरही त्याचंच.

चार महिन्यांपूर्वी वाचलेलं अख्खं पुस्तक त्याने पुन्हा वाचलं होतं आणि शेवटच्या पानापर्यंत त्याला पत्ता लागला नव्हता!

तो ओसरीवर आला. हसावं की काय करावं ते कळेना.

"मावशी, एकच पुस्तक दोनदा वाचलं तर ते एक धरायचं की दोन?"

मावशींनी मान वर केली नाही. "कशापायी धरायचं?"

त्याने सगळं सांगितलं. 52 चा नेम, मिसळीची पैज, 28 वा क्रमांक. मावशी ऐकत होत्या आणि हात चालू होते. मग त्यांनी पाटीतलं एक फळ उचलून त्याच्यापुढे धरलं. टोकाकडे लाल, देठाजवळ पांढरं.

"ह्ये बघा दादा. नव्या पोरीनं तोडलंय. डबी लवकर भरावी म्हणून. केळ्यागत नसतंय हे, घरात ठेवलं की पिकंल. झाडावरनं तुटलं की संपलं. रंग येईल थोडा, गोडी न्हाई यायची." त्यांनी ते फळ बाजूला टाकलं. "डबी भरती हो. वजनबी भरतंय. पर खाणारा दुसऱ्यांदा मागत न्हाई."

"पण तुम्हीही मोजताच की," तो वहीकडे बोट दाखवत म्हणाला. त्याला थोडा राग आला होता.

"मोजती की. न मोजून व्यापाऱ्याला काय सांगू? पर सांजच्याला मोजती. झाडाखाली हात घालताना फळ बघायचं, डबी न्हाई."

त्यावर तो काही बोलला नाही. खांबाला टेकून डायरी चाळत बसला. एकेका नावापाशी थांबायचा, डोळे मिटून काही आठवतंय का बघायचा, आणि नाही आठवलं तर पेन्सिलीने समोर एक टिंब द्यायचा. पहिल्या पानावर टिंब एकही नव्हतं. पुढच्या पानांवर इतकी झाली की एका जागी त्याने पेन्सिल खाली ठेवली.

चहा आला. मावशी हात पुसत समोर बसल्या.

"सात-आठ वर्षं झाली, रोज ह्यांच्यावरची धूळ झाडती मी," कपाटाकडे बघत त्या म्हणाल्या. "आत काय हाय, कोन सांगत न्हाई. येत्यात, वाचत्यात, फोटो काढून जात्यात. ह्या वाडीचं पुढं काय झालं?"

मग तो सांगू लागला. मास्तर कसा आला, कारभाऱ्याने त्याला कसं आपलं म्हटलं, कारभारी गेला तेव्हा वाडीचं काय झालं. सांगता सांगता त्याला आणखी आठवत गेलं. पाऊस न आल्याने माणसं मेंढरं घेऊन एकेक करून वाडी सोडतात तिथे मावशी म्हणाल्या, "आन हितं बघा, चार म्हैने पाऊस घराबाहेर पडू देत न्हाई." थोडं थांबून म्हणाल्या, "मास्तर एकलाच राहिला म्हना शेवटी." चहावर साय धरली होती.

उठता उठता त्यांनी कपाटातल्या दुसऱ्या एका पातळ पुस्तकाकडे बोट केलं. "आन त्यात काय हाय?"

त्याने पाहिलं. विश्राम बेडेकरांचं 'रणांगण'. डायरीत क्रमांक 36.

"ते अजून वाचलं नाही, मावशी," तो म्हणाला, आणि ते काढायला उठला.