दोन सफारी

नागपूरच्या माणसाला समुद्राचं वेड लागलं की घरचे आधी त्याच्याकडे काळजीने बघतात. आमच्या गावात झीरो माईलचा दगड आहे. तिथून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र यायला शेकडो किलोमीटर लागतात. मालदीवला आठवडाभर बोटीवर राहून स्कूबा डायव्हिंग करायला जातोय, असं मी सांगितलं तेव्हा बाबांनी पेपर खाली ठेवला.

“बोटीवरच राहायचं? गावात नाही?”

“बोटीवरच. दिवसातून तीनदा पाण्यात उतरायचं.”

“मासे पकडायले?”

“नाही. पाहायला.”

“पकडायचे नाहीत, खायचे नाहीत, हात बी लावायचा नाही?”

“हाव.”

“मग त्यात माशाचा काय फायदा?”

मी हसलो. हा प्रश्न मला पुरणार आहे, हे तेव्हा कळलं नाही.

अशा बोटींना जगभर ‘लिव्हअबोर्ड’ म्हणतात. मालदीवमध्ये मात्र त्यांना सरळ ‘सफारी बोट’ म्हणतात. तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं, आणि बोट रोज एका बेटाच्या कड्यावरून दुसऱ्याकडे जात राहते. सोबत एक छोटी होडी असते, तिला धोणी म्हणतात. हवेच्या टाक्या, कॉम्प्रेसर, ओले सूट सगळं तिच्यावर. सकाळी सहाला घंटा वाजते, माहिती सांगितली जाते, पाण्यात उडी. वर आलात की नाश्ता: किसलेलं खोबरं, टूना आणि आपल्या पोळीसारखी ‘रोशी’. मग झोप, मग पुन्हा उडी.

मालवणला किल्ल्याजवळ पहिल्यांदा पाण्याखाली गेलो तेव्हा गाइडने माझा हात धरला होता आणि पंधरा मिनिटांत सगळं संपलं होतं. नंतर अंदमानात कोर्स केला, 18 मीटरपर्यंत जायचा परवाना मिळाला. पगारातून पैसे साठवत होतो ते या आठवड्यासाठी. तिथे पाण्याखाली जे पाहिलं, त्याचं वर्णन मी करणार नाही. ते सुंदर होतं, एवढं पुरे. मला सांगायचंय ते पाचव्या दिवसाचं.

साऊथ आरी हा भाग व्हेल शार्कसाठी प्रसिद्ध आहे. नावात व्हेल असलं तरी हा मासाच, जगातला सगळ्यात मोठा. तोंड उघडं ठेवून पाण्यातले बारीक जीव गाळून खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. 2009 पासून तो भाग संरक्षित आहे. आम्ही धोणीच्या टपावर बसून पाण्यात काळी सावली शोधत होतो. दीड तास काहीच नाही. मग दूर एक होडी अचानक थांबली आणि आमच्या चालकाने काही न विचारता वेग वाढवला.

हे मी आधी पाहिलं होतं. ताडोब्यात अगदी असंच होतं. एक जिप्सी थांबते आणि मिनिटभरात रस्त्यावर धुरळा उडतो.

आम्ही पोचलो तेव्हा मी अकरा होड्या मोजल्या. गाइड ओरडला, “गो, गो!” आणि मीही मास्क लावून उडी मारली. खाली पाच-सहा मीटरचं जनावर शांतपणे पोहत होतं, अंगावर पांढरे ठिपके. नियम सांगितलेले होते: अंगापासून तीन मीटर, शेपटीपासून चार मीटर, हात लावायचा नाही. पण साठेक माणसं एकाच माशाच्या मागे असली की मीटर कोण मोजणार? कुणाची तरी फिन माझ्या तोंडावर बसली. मी कुणाला तरी कोपर मारलं. माशाच्या पाठीवरच्या पराला एक जुनी खाच होती. बोटीच्या पंख्यामुळे अशा जखमा होतात, हे मला नंतर समजलं. मग त्याने अंग कलतं केलं आणि खोल निळ्यात दिसेनासा झाला.

धोणीवर सगळे टाळ्या देत होते. गाइडने विचारलं, पुढे आणखी एक दिसलाय, जायचं का? सगळे ‘हो’ म्हणाले. मीही म्हणालो.

रात्री झोप येईना. फोनमध्ये जुने फोटो चाळताना मीच शेअर केलेला एक व्हिडिओ सापडला. 31 डिसेंबर 2024 चा, उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातला. एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे वाटेवर, पुढेही जिप्सी, मागेही जिप्सी, निघायला जागा नाही. नागपुरात त्यावर मोठा गदारोळ झाला. गाइड आणि चालकांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. मीही तावातावाने लिहिलं होतं, “पैसे मोजले म्हणजे वाघीण विकत घेतली का?”

त्या जिप्सीत बसलेल्यांनाही वाघ आवडत असणार. माझ्याइतकाच.

आता इथे एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. पाहिल्याशिवाय माया जडत नाही, माया जडल्याशिवाय कुणी वाचवत नाही, म्हणून लोकांनी जाऊन पाहावं. त्यातल्या पैशांचंही तसंच. मालदीवने 2010 मध्ये शार्कच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली, कारण मेलेल्या शार्कपेक्षा जिवंत शार्क देशाला जास्त मिळवून देतो हे तिथे उमगलं होतं. आपल्याकडे ताडोब्याच्या गेटवरची गावातली पोरं आज गाइड आहेत. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं, तेव्हा या पोटापाण्याचा प्रश्न लगेच पुढे आला होता. म्हणजे बाबांच्या प्रश्नाला एक सरळ उत्तर आहे: माशाचा फायदा होतो.

पण हे उत्तर देताना मी माझा स्वार्थ त्यात गुंडाळून देतोय, असं मला वाटत राहिलं. मी मालदीवला शार्कच्या भल्यासाठी गेलो नव्हतो. आणखीही एक कारण होतं, आणि ते सांगायला मला लाज वाटते. मी घाईने गेलो होतो. संपायच्या आत पाहून घ्यावं म्हणून.

समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, की प्रवाळ आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकतं. त्या शेवाळावरच त्याचा रंग आणि बराचसा आहार अवलंबून असतो. मग ते पांढरं पडतं, आणि पाणी निवलं नाही तर मरतं. 1998 मध्ये मालदीवच्या उथळ पाण्यातलं बहुतेक प्रवाळ असं गेलं. पुन्हा सावरलं, 2016 मध्ये पुन्हा झोडपलं गेलं. आपल्या लक्षद्वीपचीही तीच गत. 15 एप्रिल 2024 ला शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की जगभरातलं प्रवाळ चौथ्यांदा एकाच वेळी पांढरं पडतंय. मीही एका ठिकाणी राखाडी तुकड्यांचा ढीग पाहिला, मोडकळीला आलेल्या घराच्या विटा पडाव्यात तसा. त्यात मधेच बोटाएवढं नवं प्रवाळ उगवलेलं होतं.

म्हणजे मी गेलो होतो ते अंत्यदर्शनाला. आणि ज्या विमानाने गेलो, त्याच्या धुरानेही त्या पाण्यात थोडी ऊब घातलीच.

बाबांची नोकरी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात झाली. कोळसा जळायचा, वीज तयार व्हायची, त्या पगारावर माझं इंजिनिअरिंग झालं. ‘समुद्र कोणी तापवला?’ या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला नागपूरच्या बाहेर जायची गरज नाही. नागपूर समुद्रापासून लांब आहे, हे फक्त नकाशावर खरं आहे. पण याचा दोष मी बाबांना देऊ शकत नाही. त्यांनी घरं उजळली. मी मात्र हौस भागवली.

आपल्याकडे अंत्यदर्शनाला जाणाऱ्याची काही रीत असते. तिथे नुसतं बघून, फोटो काढून कुणी परत येत नाही. खांदा द्यायचा असतो, निदान चार पावलं. ज्याला ते जमत नाही, तो मागून चालतो. मग मरणाऱ्या समुद्राला पाहून येणाऱ्याने काय द्यायचं?

या प्रश्नावर मला सगळ्यात पटलेलं उत्तर समुद्राच्या सहलीला कधीच न गेलेल्या लोकांनी दिलंय. गुजरातच्या किनाऱ्यावर पूर्वी व्हेल शार्कची शिकार व्हायची. 2001 मध्ये त्याला वाघासारखंच कायद्याचं सर्वोच्च संरक्षण मिळालं. पण कायद्याने जाळ्यात अडकलेला मासा सुटत नाही. 2004 मध्ये तिथे एक मोहीम सुरू झाली. मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं, ही माहेरी आलेली लेक आहे. तिला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असं नाव मिळालं. आणि कोळी आपली जाळी कापायला लागले. ज्या जाळ्यावर घर चालतं ते स्वतःच्या सुरीने कापायचं आणि मासा सोडून द्यायचा. पुढे वनखात्याकडून नुकसानभरपाई मिळू लागली. महाराष्ट्रातही 2018 च्या अखेरीस तशी योजना आली, फाटलेल्या जाळ्यासाठी 25 हजार रुपयांपर्यंत. तरी जाळं कापण्याच्या त्या क्षणी हातात सुरीच असते, पैसे नसतात.

त्या कोळ्याने मासा पाहिला तोही माझ्याच इतक्या जवळून. फरक एवढाच की पाहिल्यावर त्याचं काहीतरी गेलं. माझं काय गेलं? मी पैसे दिले होते, पण ते माझ्या आनंदासाठी, आणि आनंद मला पुरेपूर मिळाला. त्याला किंमत म्हणतात, त्याग नाही.

म्हणून मला वाटतं, ‘जावं की जाऊ नये’ हा मूळ प्रश्न नाही. आपण जाणारच, माणूस पाहायला जातोच. पाहिल्यावर मी माझं कोणतं जाळं कापतो, हा प्रश्न आहे. काहीच कापणार नसेन, तर ‘मला निसर्गाची ओढ आहे’ असं सांगताना जीभ थोडी अडखळायला हवी.

डायव्हिंगमध्ये एक नियम आहे. खोल जाऊन आल्यावर सरळ वर यायचं नाही. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, अंगात साठलेला नायट्रोजन जाऊ द्यायचा. शेवटच्या डाइव्हनंतर अठरा तास विमानातही बसायचं नसतं. शरीराला कळतं की खोलीचा हिशेब चुकवल्याशिवाय घरी जाता येत नाही. मनाला ते कुणी शिकवत नाही.

परत आल्यावर मी काही मोठं केलेलं नाही. पुढची दोन वर्षं विमानाने सुट्टीला जायचं नाही, एवढं ठरवलंय, आणि मित्रांच्या ग्रुपवर गोव्याचा बेत शिजला की दरवेळी ते जड जातं. दुसरी गोष्ट गेल्या हिवाळ्यातली. पुण्याहून आलेल्या मावसभावाला सफारीला नेलं होतं. सायटिंग झालं, पुढे चार जिप्सी आधीच उभ्या होत्या. आमच्या चालकाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “भाऊ, मागेच राहू द्या.” त्याला आश्चर्य वाटलं, मावसभावाला राग आला. गवताआड शेपटीचं टोक हललं, एवढाच आमचा वाघ. परतीच्या वाटेवर मावसभाऊ माझ्याशी बोलला नाही.

घरी बाबांनी विचारलं, “दिसला का वाघ?”

“शेपूट दिसली.”

“पैसे वाया गेले म्हणजे.”

“आमचे गेले,” मी म्हणालो. “वाघाचा मात्र फायदा झाला.”

बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं. त्यांना त्यांचा जुना प्रश्न आठवला की नाही, माहीत नाही. ते म्हणाले, “मग ठीक आहे. चहा ठेव.”