जळालेला आणि जाळणारा

सोयाबीन निघून हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस आले की आमच्या वाशिम जिल्ह्यात गावोगाव एक वाक्य ऐकू येतं, "डीपी जळाली." त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं, "डीपीच खराब होती." पहिलं वाक्य डोळ्यांनी पाहिलेलं असतं. दुसरं कोणी तपासलेलं नसतं. जळालं म्हणजे त्याच्यातच खोट होती, असं आपण धरूनच चालतो. यंत्राबद्दल धरतो तसं माणसाबद्दलही धरतो. हे न्यायाचं आहे का, हा विचार माझ्या डोक्यात एका रेडिओ मेकॅनिकच्या दुकानात शिरला आणि मग निघाला नाही.

पूर्वी लग्नात, सप्ताहात भोंग्याला जोडायचं मशीन व्हॉल्व्हचं असे. दिल्लीची अहुजा कंपनी अशी मशीनं करायची, बंगलोरला भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये व्हॉल्व्ह बनत. बटण दाबलं की काचेच्या आत वात लाल होई आणि थोडं थांबल्यावर आवाज येई. आता आमच्याकडे डीजे आले, ती मशीनं भंगारात गेली. पण इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्यांपैकी कित्येकजण आजही व्हॉल्व्हचाच ॲम्प्लिफायर मागतात. ज्याच्या नावाचे गिटार आणि ॲम्प्लिफायर जगभर वाजतात तो अमेरिकेचा लिओ फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणाराच. त्याचं मशीन आणि आमच्या लग्नातलं मशीन, पोटातून दोन्ही भाऊभाऊच.

या मशीनमध्ये सगळ्यात जड वस्तू म्हणजे पॉवर ट्रान्सफॉर्मर. घरातले २३० व्होल्ट घ्यायचे आणि ज्याचा त्याचा वाटा द्यायचा, हे त्याचं काम. व्हॉल्व्हच्या वातींना ६.३ व्होल्ट, बहुतेक मशीनमध्ये रेक्टिफायरच्या वातीला ५ व्होल्ट, आणि आवाजाला जोर यावा म्हणून तीन-चारशे व्होल्ट. एकट्याच्या खांद्यावर सगळं घर. त्यामुळं मशीन बंद पडलं, फ्यूज उडाला, जळका वास आला की बोट त्याच्याकडंच जाई.

बाजाराला गेलो की मी त्या दुकानात बसत असे. मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणत. मंडपवाला मशीन आणून टेबलावर ठेवी आणि निकालही सोबतच आणी, "उस्ताद, ट्रान्सफॉर्मर गेला. नवा टाका."

उस्ताद म्हणत, "गेला का नाही ते त्याले विचारू ना बाप्पा. आधी त्याच्या डोक्यावरचं ओझं तर उतरवू दे."

पिन काढून ठेवायची. कंडेन्सरमध्ये साठलेला करंट उतरवायचा, कारण लाइन नसतानाही तो जीव घेऊ शकतो. मग व्हॉल्व्ह उपसायचे, ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या तारांचे डाख सोडवायचे. आता तो अगदी मोकळा. मग साठ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घालून त्याला लाइन द्यायची. बल्ब क्षणभर चमकून विझत आला तर ट्रान्सफॉर्मर निर्दोष. डोक्यावर काही नसताना बल्ब भक्क पेटून राहिला तर मात्र आतलं वायंडिंग शॉर्ट झालेलं.

मी एकदा विचारलं, "मीटर लावून नाही कळत?" उस्ताद म्हणाले, तार तुटली असेल तर मीटर सांगेल. पण शेकडो वेढ्यांतले दोनचार वेढे एकमेकांना चिकटले असतील तर मीटरला पत्ताही लागत नाही. त्याची बॅटरी इवलीशी. खरी लाइन अंगातून गेल्यावरच आतलं बाहेर येतं.

ट्रान्सफॉर्मर निर्दोष निघाला की एकेक तार परत जोडत जायची. वाती जोडल्यावर बल्ब जरा उजळतो, ते चालायचंच. पण ज्या तारेला तो एकदम भक्क होतो, चोर तिथं. पुष्कळदा फिल्टरचा कंडेन्सर नाहीतर रेक्टिफायर निघे. आणि कधी कधी निघे ती फ्यूजच्या जागी कोणी घातलेली जाड तार. आधी ज्यानं तुटायचं त्याला तुटू दिलं नाही, म्हणून ट्रान्सफॉर्मर जळाला. अशा वेळी कारण न शोधता नवा टाकला तर तोही त्याच रस्त्यानं जातो.

आता आमच्या डीपीचा हिशोब बघा. ६३ केव्हीएची डीपी साधारण ८७ अँपिअर देऊ शकते. पाच एचपीची मोटर सात-आठ अँपिअर ओढते. म्हणजे अकरा-बारा मोटरी झाल्या की तिचा घास संपला. तिच्यावर वीस मोटरी असल्या, वरून आकडे असले, आणि प्रत्येकाचा ऑटो स्विच लावलेला असला, तर लाइन येताच सगळ्या एकदम उठतात. उठताना मोटर पाच-सहा पट ओढते. किटकॅटमध्ये फ्यूजऐवजी जाड तार. इतकं करून आपण म्हणतो, डीपीच खराब होती.

माणसाचंही असंच आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं, त्यात वाशिम होता. शेतकरी जीव देत होते म्हणून ते आलं होतं. त्या दिवसांत मी मौतीला गेलो की लोकांत कुजबूज ऐकायचो, "मनाचा कमजोर होता," "पीत होता." तो गेलेला माणूस बिनओझ्याचा कसा होता, हे त्यातल्या कोणी पाहिलेलं नसायचं. चावडीवर तो सगळ्यांना "बरं हाय" म्हणत होता. आपलं विचारणं त्या मीटरसारखं, त्याच्यात जोरच नव्हता.

यावर कोणी म्हणेल, तेवढंच कर्ज शेजाऱ्यावर होतं, तो कसा नाही जळाला? प्रश्न खरा आहे. काहींच्या आतच दुखणं असतं, तेव्हा दवाखाना लागतो आणि त्याची लाज नसावी. उस्तादही कधी कधी सरळ सांगत, ट्रान्सफॉर्मर गेला. पण ते ओझं उतरवल्यानंतर सांगत, आधी नाही. माणसाच्या तारा सोडवून ठेवता येत नाहीत हेही खरं. पोरीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, म्हातारीचं आजारपण तोडून बाजूला कसं ठेवणार? तरी ओलिताची एक पाळी आपण देऊ शकतो. उसने दिलेले पैसे या हंगामात न मागता राहू शकतो. रात्री त्याच्या ओसरीवर तासभर बसू शकतो. तेवढ्यानं ओझं जात नाही, पण ओझं किती आहे ते निदान आपल्याला कळतं.

दोष ठेवायचाच असेल तर एवढं केल्यावर ठेवावा. कारण बाप गेला की त्याच जागी पोरगा उभा राहतो. तोच सातबारा, तेच देणं, तीच नापिकी, आणि चावडीवर त्याचंही तेच उत्तर, "बरं हाय." नवा ट्रान्सफॉर्मर बसला म्हणून गाव निश्चिंत होतं. कंडेन्सर मात्र कोणी पाहिलेला नसतो.