उष्टावणातलं उष्टं

मामाच्या मांडीवर बाळ, चांदीच्या वाटीत खीर, आणि पहिलाच घास बाळ जिभेने बाहेर ढकलतं. जीभ अशी पुढे येण्याची सवय साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात सुटते. जन्मतः मिळालेला लोहाचा साठाही सहाव्या महिन्याच्या सुमारास आटत येतो आणि एकट्या आईच्या दुधाने तो भरून निघत नाही. आश्वलायन गृह्यसूत्र, मनुस्मृती आणि सुश्रुत या तिघांनीही अन्नप्राशनाला सहावा महिना सांगितला आहे. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, ही शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये स्वीकारली. ‘ऋषींना हे आधीच ठाऊक होतं’ म्हणून आपण सुखावतो. पण ही दाद विज्ञानाकडून घेतली, तर टपलीही त्याच्याच हातची सोसावी लागते. कारण याच परंपरेने जातकर्मात नवजाताला सोन्याने मध-तूप चाटवायला सांगितलं आहे, आणि आजचं वैद्यक वर्षाच्या आत मध अजिबात नको म्हणतं. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात.

मग श्रद्धावंताने शास्त्राचा शब्द पाळावा की हेतू? माझ्या मते हा निवाडा परंपरेने स्वतःच कधीचा करून टाकला आहे. आश्वलायनाने अन्नप्राशनाला बोकडाचं आणि तित्तिराचं मांसही सांगितलं आहे. आज किती घरांत ते शिजतं? मनूने सहाव्या महिन्याबरोबरच कुळात जे मंगल मानलं जातं त्यालाही मोकळीक दिली. काश्यपसंहितेत तर सहाव्या महिन्यात फळं आणि धान्य दहाव्यात. सुश्रुत अन्न हलकं आणि हितकर असावं एवढंच म्हणतो. हितकर काय, हे त्या त्या काळच्या वैद्यकालाच विचारायचं.

‘आमच्या आजीने मध चाटवला, कुणाला काही झालं नाही,’ हा आक्षेप ठरलेला. आजार विरळाच आहे, म्हणून बहुतेकांना काही झालं नाही. पण ज्या घरात झालं, त्या घराला विरळपणाचा काय उपयोग? शिवाय आईला दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, या समजुतीवर सुश्रुताने आधीचे दिवस मध-तुपावर काढायला सांगितले. आधीचा पिवळसर चीक त्यामुळे वाया गेला. (गाईच्या चिकाचा खरवस वेलची घालून खाणाऱ्यांनी आईचा चीक मात्र पिळून टाकावा, हे आपलं खास तर्कशास्त्र.)

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: असं एकेक गाळत गेलं तर विधी उरतो कुठे? तो ‘उष्टावण’ या शब्दातच उरतो. एरवी उष्ट्याला नाक मुरडणारा आपला समाज इथे बाळाने अन्न उष्टावलं म्हणून आनंद करतो. आजवर जे आईच्या देहावर वाढलं, त्याचा आता घरच्या भांड्यात वाटा पडला. त्यासाठी मध लागत नाही. लागतो तो दुसऱ्या दिवशीचा घास, आणि नेमका तोच चुकतो: सोहळा उरकला की पुन्हा नुसतं दूध, फार तर वरणाचं पाणी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं सुमारे ११ टक्केच निघाली.