पेरावर थांबा

सावकाश बसा. जवळा बाजार हे गाव मागे राहिलं आहे आणि तुम्ही ओळखीच्या एका शेताच्या बांधावर आहात. जानेवारीची सकाळ. ज्वारी हुरड्यात आली आहे आणि तिच्यावर धुकं उतरलं आहे. जवळची चार ताटं ठसठशीत दिसतात, मागची पुसट होत जातात, त्यांच्याही मागे नुसतं पांढरं.

श्वास घ्या. सोडा. काहीच करायची घाई नाही.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस हासेगावा तोहाकु या जपानी चित्रकाराने असंच धुकं रंगवलं. प्रत्येकी सहा फळ्यांचे दोन पडदे, त्यांवर काळ्या शाईतली पाइनची झाडं. धुक्यासाठी त्याने रंग घेतला नाही. कागद कोरा सोडला. ते पडदे आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. समोरच्या पांढऱ्याकडे पुन्हा बघा. तिथंही ज्वारी उभी आहे. दिसत नाही एवढंच.

आता डोळे मिटा आणि आजीचं काजळ आठवा. तेलाची वात, वर पालथी धरलेली ताटली, तिच्यावर हळूहळू जमणारी काजळी. जपानी शाई, म्हणजे सुमी, अशाच काजळीची. तिळाचं किंवा मोहरीच्या जातीचं तेल जाळून काजळी धरतात, प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून काढलेल्या सरसात मळतात आणि तिच्या कांड्या वाळवतात. चित्र काढायच्या आधी दगडावर पाण्याचे दोन-चार थेंब घेऊन ही कांडी उगाळायची. आपण सहाणेवर चंदन उगाळतो तशी, गोल गोल, जोर न लावता. पाणी काळं होतं तोवर मनही जागेवर येतं.

मनातच उगाळा. एक फेरा, एक श्वास. दहा फेरे होऊ द्या.

चीनमधून झेन भिक्षूंबरोबर शाईची ही चित्रकला जपानात रुजली. शिकणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा चार वनस्पती येतात: ऑर्किड, बांबू, शेवंती आणि मेइ, म्हणजे कडाक्याच्या थंडीत फुलणारं जर्दाळूच्या कुळातलं झाड. आपण बांबू घेऊ. बांबू गवताच्या कुळातला, आणि समोरची ज्वारीही. बांबूला पेरं आहेत, ज्वारीलाही आहेत.

मनात कुंचला उचला. फिक्या शाईत भिजवा, टोकाला थोडी गडद लावा. बुडापासून वर निघा. कुंचला टेकवा, दाबा, वर सरका. पेर आलं की थांबा, किंचित दाबा, उचला. केसाएवढी जागा कोरी सोडा. मग पुढचं कांडं. टेकवा, सरका, थांबा, उचला.

कागद शाई लगेच पितो. रेघ खोडता येत नाही, गिरवताही येत नाही. म्हणून चित्रकार आधी झाडाजवळ बसून राहतो. कुंचला कुठे टेकवायचा हे त्याला झाडच शिकवतं, आणि कुठे उचलायचा हेही.

ज्वारीही अशीच वाढली आहे. ऑक्टोबरात पेरलेला दाणा कांड्यामागून कांडं चढत आला. दर पेराशी एक पान फुटलं, पेर घट्ट झालं आणि त्याच्या आधाराने पुढचं कांडं उभं राहिलं. पेर नसतं तर ताट पहिल्या वाऱ्यात आडवं झालं असतं.

आता स्वतःच्या गेल्या वर्षाकडे बघा. काम अडलं तो महिना. पाऊस लांबला ते दिवस. आजारपणातला आठवडा. वाया गेला म्हणून आपण तो काळ हिशेबातून वजा करतो. वजा करू नका. त्यावर बोट ठेवा आणि विचारा, हे माझं पेर होतं का? उत्तराची घाई नको. श्वास घ्या, सोडा.

असं थांबायला एक माणूस लांबून आपल्याकडेही आला होता. अराइ काम्पो हे जपानी चित्रकार १९१६ साली रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून कलकत्त्याला आले, आणि पुढे निजामाच्या राज्यातल्या अजिंठ्यात बसून त्यांनी भिंतींवरच्या चित्रांच्या नकला केल्या. आपलं हे शेतही तेव्हा त्याच राज्यात होतं. इतक्या लांबून आलेला माणूस आपल्या मुलखातल्या एका भिंतीपुढे थांबून राहिला. आपल्याला तर फक्त बांधापर्यंत यायचं आहे.

डोळे उघडा. धुकं विरळ होतंय, मागची ताटं एकेक करून दिसू लागली आहेत. उठायच्या आधी जवळच्या ताटाच्या एका पेरावर बोट ठेवा. तिथला टणकपणा नीट ओळखून घ्या, मगच उठा.