सगळ्यांनी धावायचा दिवस

डिसेंबर उजाडला की नागपूरच्या प्रताप नगरात शाळांचे लाउडस्पीकर सुरू होतात. खामल्यापासून त्रिमूर्तीनगरापर्यंतच्या ले-आऊटांमध्ये शनिवारी सकाळच्या थंडीत ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ घुमू लागते. पी.टी.चे सर वाकून फक्कीच्या रेघा ओढत असतात, चार हाऊसचे चार झेंडे लागतात, मंडपात पाहुण्यांच्या खुर्च्या मांडल्या जातात. संचलन होते, मशाल मैदानाला फेरी घालते, प्रमुख पाहुणे दोन शब्द बोलतात. मग निवडचाचणीतून आलेली मुले धावतात आणि उरलेली मुले रांगेत बसून टाळ्या वाजवतात. दुपारपर्यंत पदके वाटून होतात आणि क्रीडादिन संपतो.

प्रश्न त्या उरलेल्या मुलांचा आहे.

कुठल्याही शाळेत त्यांची संख्या धावणाऱ्यांपेक्षा मोठी असते. अहवालात मात्र ती ‘विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित होते’ एवढ्या एका वाक्यात मावतात. नागपूरला खेळाडूंची वानवा नाही. ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीचे जागतिक विजेतेपद मिळवले आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेतून तीन सुवर्णपदके आणली. दिव्या देशमुखने २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. या दोघांचा अभिमान शहराने बाळगायलाच हवा. पण असे खेळाडू वर्षानुवर्षांच्या सरावातून, प्रशिक्षकांच्या आणि आईवडिलांच्या कष्टांतून घडतात. शाळेच्या एका दिवसाच्या शर्यतीत पहिले येऊन कोणी घडत नाही. मग हा दिवस नेमका कोणासाठी असतो? जो धावण्यात मागे पडतो, ज्याला कधी पदक मिळणार नाही, त्याच्यासाठी तो असायला हवा, असे ठामपणे म्हणावेसे वाटते. तसा तो होऊ शकतो, याचा दाखला जपानी शाळांत मिळतो.

जपानमध्ये या दिवसाला उंदोकाई म्हणतात. बालवाडीपासून माध्यमिक शाळेपर्यंत तो होतो आणि बहुतेक ठिकाणी शनिवारी किंवा रविवारी, म्हणजे आईवडिलांना, आजीआजोबांना येता यावे म्हणून. सुट्टी खर्ची पडली की तिची भरपाई सोमवारी होते. २००२ पासून तिथल्या सरकारी शाळांचा आठवडा पाच दिवसांचा झाला आहे, त्यामुळे हा शनिवार शाळेला देणे ही सगळ्यांनी जाणूनबुजून केलेली तडजोड असते.

या तडजोडीत एक माणूस थोडा बुचकळ्यात पडून सामील होतो, तो म्हणजे परदेशातून आलेला सहायक इंग्रजी शिक्षक. जपान सरकारने १९८७ मध्ये ‘जेट’ नावाची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ जण आले. आज ही संख्या पाच हजारांच्या वर आहे आणि त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक जण शाळांत सहायक शिक्षक असतात. वर्गात हा शिक्षक मुख्य शिक्षकाच्या शेजारी उभा राहून उच्चार सांगतो, मुलांकडून संवाद म्हणून घेतो. अनेकदा एकालाच दोन-तीन शाळा सांभाळायच्या असतात, त्यामुळे तो कुठल्याच शाळेचा पुरता होत नाही. वीकेंडला फिरायला जायचे बेत असतात आणि नेमका एक शनिवार मैदानावर जातो. तिथे त्याच्या इंग्रजीचे काहीच काम नसते. त्याच्या हातात दोराचे टोक दिले जाते, शिक्षकांच्या रिलेमध्ये त्याचे नाव असते, खुर्च्या उचलायच्या असतात. वर्षभर पाहुणा असलेला माणूस त्या एका दिवशी शाळेचा होतो, कारण त्या दिवशी तिथे पाहुणा म्हणून बसायची सोयच नसते.

मुलांचेही तसेच आहे. शाळा लाल आणि पांढरा अशा दोन बाजूंत वाटली जाते. बाराव्या शतकातल्या तैरा आणि मिनामोतो या घराण्यांच्या युद्धातल्या झेंड्यांवरून हे रंग आले. प्राथमिक शाळेतल्या मुलांची टोपी उलटसुलट घालता येते, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरी. पहिलीतले पोर असो की सहावीतले, त्याचे गुण आपल्या रंगाच्या खात्यात जातात. वरच्या वर्गांतल्या मुलांच्या समित्या असतात. माइकवर घोषणा तेच करतात, साहित्य तेच आणतात आणि उचलतात, फलकावर गुण तेच लिहितात, पडलेल्याला मलमपट्टीच्या तंबूत तेच नेतात. धावण्यात कच्चा असलेला मुलगाही दिवसभर कामात असतो आणि त्याच्यावाचून पुढचा खेळ अडतो.

त्यांतला एक खेळ जवळून पाहण्यासारखा आहे. उंच खांबाच्या टोकाला टोपली बांधलेली असते आणि खाली जमिनीवर कापडाचे, मुठीत मावणारे चेंडू विखुरलेले असतात. इशारा झाला की लाल बाजूची मुले आपल्या टोपलीत आणि पांढऱ्या बाजूची आपल्या टोपलीत चेंडू फेकू लागतात. बहुतेक चेंडू खाली येतात, पुन्हा उचलले जातात. वेळ संपली की सगळी खाली बसतात आणि मोजणी सुरू होते. दोन्ही टोपल्यांतून एकाच वेळी एकेक चेंडू काढून हवेत उंच उडवला जातो आणि मुले, शिक्षक, पालक, अख्खे मैदान एका सुरात मोजते, इची, नी, सान… एका टोपलीतले चेंडू संपतात, दुसरीतून आणखी एक उडतो आणि ओरडा होतो. आत गेलेला चेंडू कोणाचा, हे कोणालाच सांगता येत नाही. सगळ्यांत अशक्त मुलानेही तो टाकलेला असू शकतो.

गंमत म्हणजे, आज परदेशी शिक्षकाला अस्सल जपानी वाटणारा हा सोहळा मुळात परदेशी शिक्षकांनीच तिथे नेला. २१ मार्च १८७४ रोजी तोक्योच्या त्सुकिजी भागातल्या नौदल विद्यालयात ब्रिटिश प्रशिक्षकांच्या पुढाकाराने पहिला मेळावा झाला. पुढे फ्रेडरिक स्ट्रेंज या इंग्रजी शिकवणाऱ्या तरुणाने १८८३ मध्ये तोक्योच्या विद्यार्थ्यांसाठी मैदानी शर्यती भरवल्या आणि खेळांवर एक छोटे पुस्तकही लिहिले. १८८५ मध्ये मोरी आरिनोरी पहिले शिक्षणमंत्री झाले. त्यांना लष्करी धाटणीची कवायत शाळांत हवी होती. उंदोकाईच्या प्रसाराला त्याचे बळ मिळाले. तेव्हा बहुतेक शाळांना मैदाने नव्हती. मग आसपासच्या शाळा एकत्र येत, नदीकाठच्या मोकळ्या जागेपर्यंत किंवा देवळाच्या आवारापर्यंत चालत जात आणि तिथे संयुक्त मेळावा भरवत. गावकरी बघायला येत, डबे सोडले जात. गावच्या जत्रेचा रंग त्यात हळूहळू मिसळला आणि साहेबाची अॅथलेटिक्स मीट गावाचा सण झाली.

मराठी वाचकांच्या घराघरांत याच उंदोकाईचे एक चित्र आधीच पोहोचले आहे. तेत्सुको कुरोयानागींचे ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादातून मराठीत आले. त्यातल्या तोमोए शाळेचे मुख्याध्यापक सोसाकू कोबायाशी यांनी क्रीडादिनाचे खेळच असे रचले होते की उंची खुंटलेला, आखूड हातापायांचा ताकाहाशी त्यांत पहिला यावा. कापडी माशाच्या पोटातून सरपटत जाण्यात किंवा बुटक्या पायऱ्या एकेक करून चढण्यात त्याचा लहानपणा आड येत नव्हता. बक्षीस म्हणून भाज्या मिळत, पहिल्याला भलामोठा मुळा. ही शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत जळाली. अध्यापक विद्यालयांतून हे पुस्तक आवडीने वाचले जाते, बालशिक्षणावरच्या भाषणांत त्याचे दाखले दिले जातात. पण क्रीडादिनाची कार्यक्रमपत्रिका ठरवायला बसल्यावर ‘आपल्या शाळेतला ताकाहाशी कोण’ असे किती शाळा विचारतात? वाचलेले आणि केलेले यांतले हे अंतर जिव्हारी लागण्यासारखे आहे.

जपानचे सगळेच उचलावे, असे मात्र अजिबात नाही. लष्करी मुळाचा दोष तिथे अजून डोके वर काढतो. आठवडेच्या आठवडे चालणारा सराव, उन्हात उभे राहणे, आणि सगळ्यांत घातक म्हणजे मानवी मनोरे. सप्टेंबर २०१५ मध्ये ओसाकाजवळच्या याओ इथल्या एका शाळेत दहा थरांचा मनोरा कोसळला, मुले जखमी झाली, एकाचा हात मोडला. २०१६ मध्ये राष्ट्रीय क्रीडा विभागाने शाळांना सुरक्षिततेची ताकीद दिली आणि ओसाका शहराने आपल्या शाळांत असे मनोरे बंदच केले. दहीहंडीच्या थरांवरून कोर्टकज्जे पाहिलेल्या महाराष्ट्राला यात नवे काही नाही. एकजुटीच्या नावाखाली लेकरांची हाडे पणाला लावायचा अधिकार कुठल्याच शाळेला नाही. तिथे वर्गातल्या प्रत्येकाने धावायचा रिलेही असतो, त्यातही एक काच आहे. आपल्यामुळे वर्ग हरला, हे ओझे हळू धावणाऱ्या मुलाच्या मनावर राहू शकते. म्हणून चांगले शिक्षक त्या मुलाचा नंबर कुठे लावायचा, बॅटन कोणाकडून कोणाकडे द्यायचे, हे वर्गाला आधी बसून ठरवायला लावतात. तेवढी काळजी घ्यायची नसेल, तर नुसते सगळ्यांना पळवून उपयोग नाही.

जपान नागपूरला परकाही नाही. मूळचे जपानचे बौद्ध भिक्खू भदन्त सुरेई ससाई यांनी आयुष्याचा मोठा काळ याच शहरात घालवला. कामठीचे ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर १९९९ मध्ये जपानी मदतीतून उभे राहिले. उलट दिशेनेही माणसे गेली आहेत. महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये तोक्योच्या एदोगावा प्रभागाच्या सभागृहावर निवडून आले आणि पुढे इबाराकी प्रांतातल्या त्सुचिउरा इथल्या सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. म्हणजे तिथल्या शाळेतला परदेशी माणूस आता फक्त मुख्य शिक्षकाच्या शेजारी उभा राहत नाही.

प्रताप नगरात पहिली हरकत मैदानाची निघेल आणि ती खरी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असावे, असे स्पष्ट लिहिले आहे. तरी वस्ती दाट होत गेली तशा अनेक शाळा तीन मजले आणि फरशीचे अंगण एवढ्यावर आल्या. अशा शाळा क्रीडादिनासाठी कुठले तरी मैदान एका दिवसापुरते घेतात. पण जपानच्या शाळांनी मैदाने नसतानाच संयुक्त मेळावे भरवले होते. खामला, गोपाल नगर, दीनदयाल नगर, त्रिमूर्तीनगर इथल्या चार-पाच शाळांना एक मैदान मिळून घेता येणे अवघड नाही. शिवाय सगळ्यांना सामावणाऱ्या खेळांसाठी चारशे मीटरचा ट्रॅक लागतच नाही. लंगडी, रस्सीखेच, लेझीम, आट्यापाट्या यांना जागा थोडी लागते आणि पोरे भरपूर लागतात. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये स्थापन झाले. १९३६ मध्ये त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी आणि इतर देशी खेळ जगाला दाखवले. ही परंपरा असलेल्या विदर्भाला सांघिक खेळ बाहेरून आयात करायची गरज नाही. गरज आहे ती निवडचाचणीची सवय सोडायची.

दुसरी हरकत वेळेची. सगळ्यांना खेळवायचे तर दिवस पुरणार नाही, असे पी.टी.चे सर म्हणतील आणि त्यांच्यावर एकट्यावर सगळा भार टाकला तर ते बरोबरच ठरेल. म्हणूनच मुलांच्या समित्या महत्त्वाच्या आहेत. आठवीच्या मुलीने माइक हातात घेतला, सातवीच्या मुलांनी फक्कीच्या रेघा ओढल्या आणि सहावीच्या पोरांनी गुण लिहिले तर शिक्षकांचे हात मोकळे होतात आणि भाषणांचा वेळही आपोआप आटोक्यात येतो.

यंदाच्या क्रीडादिनाची पत्रिका छापायच्या आधी प्रताप नगरातल्या मुख्याध्यापकांनी एवढे करावे. प्रत्येक वर्गाची एक शर्यत अशी ठेवावी की पटावरच्या प्रत्येक मुलाच्या हातात बॅटन यायलाच हवे, चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाच्याही. पालकांनीही शनिवारी आपले मूल धावणार आहे की बसणार आहे, हे शाळेला आधी विचारावे, आणि ‘बसणार आहे’ असे उत्तर आले तर ते मान्य करू नये.